आक्काताईंनी नुसतं बसायचं

"स्वतः म्हंजे? मग काय शेजारी येऊन घालतोय व्हय मला आंघोळ?"

जोत्याजी आण्णा पोवारांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या शेजारी खुर्चीत ताठ बसलेल्या किमुराबाईंकडे. प्रश्न त्यांचा होता. मी तो फक्त जपानीतून मराठीत आणला होता. 'तुम्ही स्वतः आंघोळ करता का?' हा प्रश्न किमुराबाई जपानमधल्या म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षं विचारत आल्या होत्या. डेन्मार्कमध्ये त्यांच्या ओळखीच्या लोकांनी तोच प्रश्न विचारून ठेवला होता. आता गडहिंग्लजच्या पुढे हिरण्यकेशीच्या काठी असलेल्या या गावात आम्ही दोघी तो घेऊन दारोदार फिरत होतो.

"स्वतः करतात," मी जपानीत सांगितलं. किमुराबाईंनी कागदावर खूण केली.

"कपडे स्वतः घालता?"

"घालतोय की."

"औषधं वेळेवर घेता?"

"आठवन ठेवून घेतोय. आवो, पस्तीस वर्सं यष्टी चालवलीय मी. आंबोलीचा घाट पावसात उतरवलाय. गोळी खायचं काय घिऊन बसलायसा?"

आण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं होतं. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा आणि चालताना काठी लागायची. पण बोलण्यात माणूस अजून स्टिअरिंगवरच होता. बोलता बोलता त्यांची काठी सरकून पडली. त्यांच्या बायकोने, आक्काताईंनी, ती उचलून भिंतीला लावली, चहाचा कप त्यांच्या उजव्या हातात दिला आणि त्या पुन्हा दाराच्या चौकटीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आणि तुमची देखभाल कोण करतं?" हा शेवटचा प्रश्न.

"कोन न्हाई. माझं मी बगतोय," आण्णा म्हणाले आणि कप तोंडाला लावला.

मी तेव्हा चोविशीत होते. पुण्यात जपानी शिकले होते आणि आता एखाद्या मोठ्या कंपनीत दुभाषी होऊन टोकियोला जाणार, अशा ऐटीत होते. नशिबाने पहिलं काम मिळालं ते हे. किमुराबाई पन्नाशीच्या होत्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याकडे चाळिशी ओलांडली की प्रत्येकाला म्हातारपणाच्या विम्याचा हप्ता भरावा लागतो. पुढे म्हातारपणी गरज पडली की सरकारचा माणूस घरी येतो, काय जमतं आणि काय जमत नाही ते बघतो आणि त्याप्रमाणे मदत ठरते. किमुराबाईंनी अशी बघणारी म्हणून बरीच वर्षं काढली होती. आता त्यांना तीन देशांची तुलना करायची होती. गावातल्या एका संस्थेने त्यांना बोलावलं, त्यामागे संस्थेचाही हेतू होता. घरी जाऊन म्हाताऱ्यांचं करणाऱ्या काही मदतनीस बायका संस्था नेमणार होती. बायका थोड्या आणि म्हातारे अख्ख्या गावाचे. त्यामुळे किमुराबाईंच्या पाहणीत ज्यांना जास्त गरज दिसेल, त्यांच्या घरी पहिली मदत जायची होती.

"ताई, जरा कप न्यायला येता काय?" आक्काताईंनी मला आत बोलावलं.

कप बशीसकट त्यांच्याच हातात होते. मी मागोमाग गेले. आत चुलीजवळ गेल्यावर त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ती बाई मिळंल काय वो आमाला?"

"आण्णांना तर काही लागत नाही म्हणतात."

"ह्यांचं ऱ्हाऊ द्या. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. दोनीबी डोळ्यांत. डाक्टर म्हणाला, लई पिकलाय, आता थांबलासा तर मला न्हाई सांगता यायचं. अपरेशन झालं की चुलीपुढं जायचं न्हाई, वाकायचं न्हाई, जड उचलायचं न्हाई. म्हैनाभर. मग ह्यांचं कोन करनार? पोरगा तिकडं चाकणला. त्याची रजा दोन दिसांची."

"आण्णांना माहीत आहे?"

"न्हाई. आन तुमी सांगू नका. वारं गेल्यापासनं ते लई मनाला लावून घेत्यात. माझ्यापायी हिचं डोळं गेलं म्हनतील आन जेवायचं सोडतील." मग कप कट्ट्यावर ठेवायला त्यांनी आधी हाताने कट्टा चाचपला. "तुमीच त्या बाईस्नी तुमच्या भाषेत सांगा की, गरज हाय म्हनून."

मला ते करता येत नव्हतं. दुभाष्याने पदरचं काही घालायचं नसतं, हे आमच्या डोक्यात इतकं ठोकून भरलेलं की झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. त्यातून त्यांनी शपथ घातल्यासारखं सांगितलेलं, ह्यांना कळू देऊ नका. मी "बघते" म्हणाले. असं म्हणणाऱ्या माणसाकडून काही होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असावं. त्या हसल्या आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही हिशेबाला बसलो. संस्थेचे अध्यक्ष घुगरे सर, निवृत्त मुख्याध्यापक, मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. किमुराबाईंनी तीन देशांचे तीन रकाने मांडले, बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "सरांना सांग, मला काही कळत नाही. डेन्मार्कचे म्हातारे आमच्यापेक्षा धडधाकट आहेत. तिथे पंचाहत्तरी झाली की नगरपालिकेची माणसं न बोलावता घरी येऊन विचारपूस करतात आणि हातपाय हलते ठेवायला शिकवतात. ते समजू शकतं. पण या गावातले पुरुष त्यांच्याही पुढे आहेत. आजारी असोत, पडलेले असोत, एकालाही कुणाचीच मदत लागत नाही. का?"

घुगरे सरांना हा प्रश्न फारच आवडला. "नाचणी," ते म्हणाले. "त्यांना सांगा, नाचणीची आंबील. आणि हिरण्यकेशीचं पाणी. शिवाय आमची माती."

मी तिन्ही कारणं जपानीत सांगितली. किमुराबाईंनी मान डोलावली. त्यांची मान सगळ्यालाच डोलायची, त्यावरून काही कळायचं नाही.

व्हरांड्याच्या पायरीवर गावातले चारपाच म्हातारे येऊन बसले होते. त्यांना वेगळीच उत्सुकता होती. "ताई, त्यास्नी विचारा," एकजण म्हणाले, "त्यांच्यात म्हाताऱ्याचं समदं सरकारच करतंय?"

"बरंचसं."

"मग पोरं काय करत्यात?"

मी विचारलं. किमुराबाई म्हणाल्या, "भेटायला येतात. कधी येतात, कधी येत नाहीत."

"म्हंजे आमच्यागतच," म्हातारे म्हणाले आणि सगळे खुशीत हसले. मग दुसऱ्याने विचारलं, "आन डेन्मार्कात म्हातारीनं भाकरी कुनाला करून घालायची?"

"स्वतःला," किमुराबाईंनी सांगितलं. यावर कुणी हसलं नाही. जगात असंही चालतं, हे पचवायला त्यांना वेळ लागत होता.

सगळे पांगल्यावर किमुराबाईंनी कागद आवरले आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी पोवारांच्या घरी परत जायचं."

"कशाला? त्यांचं तर झालं."

"मला आक्काताईंना बसवायचंय."

"म्हणजे?"

"आतापर्यंत किती घरं झाली आपली? एक तरी बाई बसलेली पाहिलीस?"

मला आठवेना. मग आठवलं की बायका होत्या, सगळ्याच घरांत होत्या. दाराशी, पडद्याआड, कप देताना, काठी उचलताना. पण बसलेली एकही नव्हती.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा आण्णा नुकतेच उठून अंथरुणात बसले होते. किमुराबाईंनी अंगणात दोन खुर्च्या मांडायला लावल्या, एकीवर स्वतः बसल्या आणि दुसरी आक्काताईंना दाखवली. मी काय ते सांगितलं: आण्णा रोजच्यासारखं सगळं आवरतील, आपण त्यात पडायचं नाही, आणि तुम्ही नुसतं बसायचं.

"बसू?" आक्काताई म्हणाल्या. "आन चा?"

"चहा नको."

"पावनं बिनचाचं कसं बसतील? आन पानी तापलंय, ह्यांचं..."

"आगं बस की," आण्णा आतून गरजले. दारातून सगळं घर दिसत होतं. "त्या बाई येवढ्या लांबनं आल्यात. माझं काय आडतंय तुझ्याबिगार?"

आक्काताई बसल्या. खुर्चीच्या पार कडेला, कुणी हाक मारली तर उठायला सोपं जावं अशा. स्वतःच्या अंगणात त्या बहुतेक पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटत होती.

आण्णा काठी टेकत न्हाणीत गेले. 

"ए, बादलीत पानी न्हाई."

"चुलीवर हाय," आक्काताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्या उठल्याच होत्या, पण किमुराबाईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. हळूच, पण उठू देणार नाही असा.

चुलीवर मोठा हंडा उकळत होता. आण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. एक हात काठीवर, एक हात कामाचा नाही. हंडा कशाने उतरवणार? काठी ठेवली तर तोल कशाने सावरणार? ते बराच वेळ उभे राहिले. रोज हा हंडा खाली कोण उतरवतं, हे कोडं त्यांना पहिल्यांदाच पडलं होतं, असं त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

"त्यांना सांग, पाण्याला हात लावू नका," किमुराबाई मला घाईने म्हणाल्या. मी सांगितलं.

"आज ऱ्हाऊ दे आंघोळ," आण्णा म्हणाले. "थंडी हाय." वैशाख चालू होता. "ए, गंजी कुठं हाय?"

"वलनीवर."

"वलनी कुठं हाय?"

आक्काताईंनी माझ्याकडे पाहिलं. लाजल्या. "मधल्या खोलीत. खिडकीजवळ."

गंजी मिळाली. मग आतून नुसती खुडबुड ऐकू येत राहिली. एका हाताने गंजी डोक्यातून घालणं म्हणजे काय असतं, ते मी दारातून पाहत होते आणि पाहवत नव्हतं. एकदा मानेपर्यंत येऊन ती अडकली तेव्हा आण्णांचं तोंड आत आणि हात वर, असे ते तसेच थांबले. आक्काताईंच्या घशातून बारीक आवाज निघाला. किमुराबाईंनी हात काढला नाही. मला त्यांचा राग आला. एवढं काय तपासायचंय म्हाताऱ्या माणसाचं, असं वाटलं. पण मी दुभाषी होते, आणि कुणी काही बोलतच नव्हतं.

आण्णा सुटले एकदाचे. धापा टाकत आवाज दिला, "ए, सकाळची गोळी कुठली?"

"फळीवर डबड्या हायत. एक गाठ हाय ती सकाळची."

"कसली गाठ?"

आक्काताईंनी मुठीतला पदर आणखी आवळला.

आण्णा काठी काखेत मारून, भिंतीला टेकत दाराशी आले. उजव्या हातात प्लॅस्टिकच्या तीन डब्या कशाबशा धरल्या होत्या. तिन्हींना गळ्याशी दोरा बांधलेला. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. डब्यांवर औषधांची नावं ठळक छापलेली होती आणि आक्काताई सातवी शिकलेल्या होत्या.

"हे दोरं कशाला बांधलंस?" आण्णांनी विचारलं. आवाजातला गरजणारा माणूस गेला होता.

"असंच. सोपं पडतंय."

"नाव लिवलंय की वर."

"लिवलंय. पर कोन वाचत बसतंय?"

आण्णांनी डब्या खिडकीत ठेवल्या आणि खांदा चौकटीला टेकवला. "यष्टीत आमचं डोळं तपासायचे," ते सावकाश म्हणाले. "नापास झाला तर गाडी काढून घ्यायचे हातातनं. हिकडं बघ. माझी बोटं किती हायत?"

त्यांनी उजवा हात वर केला. अंगण काही मोठं नव्हतं. आक्काताईंनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले, मला वाटतं त्यांनी आण्णांच्या स्वभावावरूनही अंदाज बांधून पाहिला.

"दोन," त्या म्हणाल्या.

आण्णांनी मूठ धरली होती.

किमुराबाईंना एक शब्द कळला नव्हता, पण त्यांनी आक्काताईंच्या हातावरचा हात काढून घेतला. आता अडवायची गरज नव्हती. आक्काताई उठत नव्हत्या.

"कवापासनं?" आण्णांनी विचारलं.

"झालं की बरंच दीस. डाक्टर अपरेशन म्हनतोय."

"मग?"

"मग काय? तुमचं कोन बगनार?"

आण्णांनी काठी काखेतून काढली. ते अंगणात आले, एकेक पाऊल टाकत, गंजी पाठीवर गोळा झालेली, आणि आमच्यासमोर पायरीवर बसले. आक्काताई खुर्चीत आणि आण्णा खाली, असं त्या घरात कधी झालं नसावं. त्यांनी काठी आडवी ठेवली आणि मला म्हणाले, "ताई, त्या बाईस्नी सांगा, कालचं समदं खोडा. परत विचारा."

मी सांगितलं. किमुराबाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला. त्या तो पुन्हा भरायच्या तयारीनेच घेऊन आल्या होत्या, असं मला तेव्हा वाटलं.

"तुम्ही स्वतः आंघोळ करता का?"

"न्हाई."

हा एक शब्द बोलायला त्यांना आंबोलीच्या घाटापेक्षा जास्त जड गेलं असावं. पण एकदा निघाल्यावर गाडी मार्गाला लागली.

"कपडे स्वतः घालता?"

"न्हाई."

"औषधं स्वतः घेता?"

"न्हाई. मला कुठली कवाची तेबी ठावं न्हाई."

"स्वतः जेवता?"

"जेवत्यात की," आक्काताई मध्येच म्हणाल्या. त्यांना हे ऐकवत नव्हतं. इतक्या वर्षांचा आपला धडधाकट नवरा डोळ्यांदेखत, म्हणजे जेवढे डोळे उरले होते तेवढ्यांदेखत, असा कागदावर खचत चाललेला. "जेवायचं त्यांचं ते जेवत्यात, ताई."

"भाकरी कोन कुस्करतंय?" आण्णांनी विचारलं. "लिवा. जेवायचंबी न्हाई."

"जिना चढता येतो?"

"न्हाई." घराला जिना नव्हताच.

किमुराबाईंनी पुढचा प्रश्न मुद्दाम हळू आवाजात विचारला, आणि मीही तितक्याच हळू मराठीत आणला. "ऐकू नीट येतं का?"

"न्हाई," आण्णा ताबडतोब म्हणाले.

आक्काताईंनी तोंडाला पदर लावला. "आवो, आसं कसं? ऐकू तर तुमाला..."

"तू गप. तुला बसायला सांगितलंय न्हवं?"

किमुराबाईंनी मला विचारलं, काय म्हणाले? मी जन्मात पहिल्यांदाच दुभाष्याचा धर्म सोडला आणि म्हटलं, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी तसं लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीही हललं नाही, पण त्या खूण जरा जास्तच ठळक करत होत्या.

"शेवटचं," मी म्हणाले. "मदतनीस आली तर सगळ्यात आधी तिने तुमचं काय करावं, असं तुम्हाला वाटतं?"

"हिला दवाखान्यात न्यावं."

मी ते सांगितलं. किमुराबाई थांबल्या. नियमाने असं उत्तर चालत नव्हतं. प्रश्न ज्याच्याविषयी, मदतही त्याचीच असायला हवी. त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मी आण्णांना.

"ती त्यांची मदत झाली, आण्णा. हा कागद तुमचा आहे. मी तुमच्यासाठी विचारतेय."

आण्णांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. आक्काताई खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या, आणि कुठल्या तरी एका दिशेला बघत होत्या, जिथे आण्णा असतील असं त्यांना वाटत होतं.

"मग?" आण्णा म्हणाले. "मीबी माझ्यासाठीच सांगतोय."